एकाच दाराचं मैदान

मी आयुष्यात पहिल्यांदा रॉक कॉन्सर्टला गेले ती वडिलांना सोबत घेऊन. एवढं सांगितलं की लोक हसतात, मीही हसते, आणि पुढचं सांगावं की नाही हे ठरेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणून आज लिहूनच काढते.

तेव्हा मी धुळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही देवपूरला राहायचो. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते बसवर कंडक्टर होते, तेव्हा नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षं उरली होती. मूळ गाव शिंदखेड्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणी आणि बाहेर मराठी. नाना रागावले किंवा घाबरले की बाहेरही अहिराणीत बोलायचे, पण असं फार कमी वेळा व्हायचं. बोलणंच कमी.

रॉक संगीत मला मिळालं ते माझ्या मैत्रिणीकडून. तीही शिंदखेड्याची. अकरावी-बारावीला ती आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायची. संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड बसून ती हेडफोनचं एक टोक माझ्या कानात घालायची. तोवर माझ्या कानांना भजन, लग्नातला डीजे आणि नानांचा सकाळचा रेडिओ एवढंच ठाऊक होतं. त्या गिटारी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की मुलीला राग आला तर त्यात वाईट काही नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

बारावीनंतर ती जळगावला इंजिनिअरिंगला गेली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तिचा फोन आला. पुण्याचा जो बँड आम्ही गच्चीवर ऐकायचो, तोच जळगावला येणार होता. दोन-तीन कॉलेजांच्या पोरांनी मिळून कार्यक्रम ठरवला होता आणि तिने माझ्यासाठी पास काढून ठेवला होता. "नुसती ये," ती म्हणाली. "बाकी काही विचारू नकोस."

आई नाही म्हणाली. दोन दिवस मी जेवताना बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नाना ताटावरून न उठताच म्हणाले, "जाऊ दे तिले. मी बी संगे येसू." आईने विचारलं, तुम्ही तिथे काय करणार? ते म्हणाले, "गाणं ऐकसू."

मला लाज वाटली. पण न जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी मैत्रिणीला आणखी एक पास मागितला.

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोचली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. नानांच्या पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. मी काळा कुर्ता घातला होता, कारण काळा टी-शर्ट माझ्याकडे नव्हता.

कार्यक्रम शहराबाहेर, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात होता. कधीकाळी तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. कापूस चोरीला जाऊ नये म्हणून आवाराला चारी बाजूंनी दोन पुरुष उंचीची दगडी भिंत होती. रस्त्याच्या बाजूला ट्रक आत जाईल एवढं लोखंडी फाटक. पास तपासायला सोपं पडावं म्हणून त्याचं एक दार बंद करून दुसऱ्यासमोर बांबू आणि पत्रे लावून एक निमुळती गल्ली केली होती. आम्ही त्या गल्लीतून एकामागे एक आत गेलो.

आत गेल्यावर नाना थांबले आणि काळ्या कपड्यातल्या बाऊन्सरला म्हणाले, "आत यायचं इथून. बाहेर जायचं कुठून?"

"इथूनच, काका."

"सगळ्यांनी?"

तो हसला आणि मागच्या पोरांचे पास बघायला लागला.

मैदान अजून निम्मंही भरलं नव्हतं. स्टेजवर कुणीतरी माइक तपासत होतं. नाना सरळ भिंतीकडे गेले आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले. डेपोतून गाडी काढण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, तसेच. मी दहा पावलं मागे राहून चालत होते, आम्ही बरोबर आहोत असं दिसू नये म्हणून. स्टेजच्या मागे जनरेटरची गाडी होती आणि तिच्या पलीकडे भिंतीत एक छोटं दार. दाराला साखळी, साखळीला कुलूप. जनरेटरवाला तिथे स्टुलावर बसला होता.

"किल्ली कुणाकडे?" नानांनी विचारलं.

"मॅनेजरकडे."

"मॅनेजर कुठंय?"

"येतील."

नाना थोडा वेळ त्या कुलपाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "नाना, आपण गाणी ऐकायला आलोय." त्यांनी मान हलवली आणि माझ्याबरोबर परत आले. पण परत येताना त्यांची नजर फाटकावर होती. आत येणाऱ्या लोकांकडे बघताना त्यांचे ओठ किंचित हलत होते. ते डोकी मोजत होते. ही त्यांची सवयच. लग्नातही पंगत बसली की मोजायचे. त्या दिवशी मात्र थोड्या वेळाने ओठ हलायचे थांबले, कारण लोक मोजता येण्यासारखे येतच नव्हते. फाटकाकडून नुसता लोंढा येत होता.

मैत्रीण भेटली. डोळ्यांत खूप काजळ, हातात कसले कसले धागे. "नाना, तुम्ही खरंच आलात," म्हणून ती त्यांच्या पाया पडली. त्या गर्दीत, त्या पोशाखात. नानांनी तिला भाकरी दिली. तिने उभ्या उभ्या ठेचा लावून ती खाल्ली आणि हॉस्टेलच्या जेवणाला मनसोक्त शिव्या दिल्या. नाना हसले. त्या दिवशी ते एकदाच हसले.

मग ड्रमवाल्याने तपासणी म्हणून पायाने एक ठोका दिला. जिनिंगच्या छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. तो ठोका माझ्या कानांच्या आधी छातीत पोचला. मी मैत्रिणीचा हात धरला. "अजून काहीच नाही हे," ती म्हणाली.

आम्हाला पुढे जायचं होतं. नाना म्हणाले, इथेच कडेला उभ्या राहा, इथूनही दिसतं. मी हट्ट केला, म्हटलं दोन गाणी पुढून बघते आणि येते. त्यांनी स्टेजकडे पाहिलं, मग मागे. मैदानाच्या मध्यावर एक पांढरा तंबू होता. तिथे आवाजाची मशिनं लावून एक तरुण माणूस बसला होता. नाना म्हणाले, "मी त्या तंबूपाशी उभा शे. दर गाणं व्हयनं का हात वर कर. तुना हात माले दिसाले जोयजे."

"बरं."

"आनि ध्यान दे. मानसे हालतस तवलोंग ठीक शे. हालानं बंद व्हयनं का निंघी ये."

माणसं हलताहेत तोवर ठीक, हलायची थांबली की निघून ये. हे ते बसमध्ये शिकले होते. मी हो म्हटलं आणि ऐकलं नाही.

सूर्य भिंतीआड गेला आणि बँड स्टेजवर आला. निवेदक ओरडला, "मागच्यांनी पुढे या, पुढे जागा आहे." पुढे जागा नव्हती. आम्ही अगदी पहिल्या कठड्यापासून चार-पाच ओळी मागे होतो आणि माझी कोपरं दोन्हीकडच्या अनोळखी मुलींना टेकलेली होती.

पहिलं गाणं मला पूर्ण आठवतं. त्याआधी मी संगीत कानांनी ऐकलं होतं. त्या दिवशी ते जमिनीतून पायांत चढलं. गाणारा माणूस बारीक अंगाचा होता, आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यासारखा साधा दिसणारा, आणि त्याच्या गळ्यातून जे निघत होतं ते मी कधीच विसरणार नाही. मैत्रीण रडत होती. मी ओरडत होते, आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्याचंही मला सुख झालं. गाणं संपल्यावर मी हात वर केला. दुसरं संपल्यावरही केला. तिसऱ्याला विसरले.

चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला मागून एक लाट आली. आम्ही सगळे दोन पावलं पुढे गेलो आणि हसलो. मग आणखी एक आली. त्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढे कळलं ते असं. फाटकाबाहेर पास नसलेली पोरं तासाभरापासून जमली होती. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी पत्रे ढकलले. पास तपासणारे बाजूला झाले आणि ती बाहेरची गर्दी आत शिरली. मागच्यांना वाटलं पुढे जागा आहे. पुढच्यांना मागे काय झालं हे कळायचा मार्गच नव्हता.

मला एवढंच कळलं की माझे हात खाली अडकले आहेत. मी वर काढायचा प्रयत्न केला, पण निघेनात. मग माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. मी उभी होते, पण कशावर ते मला माहीत नव्हतं. मैत्रीण माझ्यासमोर जरा डावीकडे होती. तिचा चेहरा माझ्याकडे वळला, ओठ हलले. तिला श्वास घेता येत नव्हता. मी तिचं नाव ओरडले. गिटार चालू होती. आमच्या पुढे काही जणांचे हात वर निघाले होते, ते मदतीसाठी हलवत होते. बेस वाजवणाऱ्याने आमच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा वाजवायला लागला. त्याला वाटलं, आम्ही नाचतोय.

मग मैत्रिणीचा चेहरा खाली गेला. पाण्यात जातो तसा, हळूच. तिच्या जागी दुसऱ्या कुणाचा खांदा आला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर दिव्यांचे जांभळे ठिपके होते आणि आईने सकाळी धुऊन ठेवलेली चादर वाळत घालायची राहिली, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

अचानक गाणं बंद पडलं. मधूनच तुटावं तसं. आणि तेव्हा आमचा आवाज ऐकू आला. शेकडो माणसं ओरडत होती, आणि ती बऱ्याच वेळापासून ओरडत होती, हे मला त्या क्षणी समजलं. मागची पोरं शिव्या देत होती, त्यांना वाटलं साउंड गेला. मग शिट्टी वाजली. गाडी मागे घेताना कंडक्टर वाजवतो ती शिट्टी, तुटक तुटक, एका लयीत. लहानपणापासून मी ती डेपोत ऐकत आले होते. तिच्या मागोमाग, तंबूतल्या माइकवरून, नानांचा आवाज स्पीकरमधून आला. "मागे सरा. मागे जागा आहे. एक एक पाऊल मागे. ढकलू नका. पुढे माणसं पडलीत." पुन्हा शिट्टी. "एक पाऊल." शिट्टी.

स्टेजवरच्या गायकाला ते आधी कळलं नसावं. मग त्याने खाली वाकून पाहिलं आणि त्याचा माइक परत चालू झाल्यावर तोही तेच सांगू लागला.

लोक हलले. माझ्या टाचा जमिनीला लागल्या. मागच्या बाजूला जनरेटरवाल्याने टॉमीची लोखंडी कांब घालून साखळी तोडली आणि ते छोटं दार उघडलं. माझ्या मैत्रिणीला त्याच दारातून बाहेर नेलं. चार पोरांनी तिला एका फ्लेक्सवर उचललं होतं. तिचा एक पाय अनवाणी होता आणि काजळ गालांवर पसरलं होतं. नाना माझ्यापाशी आले तेव्हा त्यांची पांढरी टोपी डोक्यावर नव्हती आणि शर्टाची बाही खांद्यापाशी फाटली होती. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, बोटं एकेक दाबून बघितली आणि म्हणाले, "चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. मैत्रिणीच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि त्यातली एक फुप्फुसाला लागली होती. तिचे आईवडील रात्रीच शिंदखेड्याहून आले होते. डॉक्टर म्हणाले होते, वाचेल.

मी नानांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? आम्हालाच कळत नव्हतं."

त्यांनी चहाचा कप फिरवला. म्हणाले, "तुझा हात दिसला नाही." मग कुणाला तरी हिशोब देत असल्यासारखं मराठीतच बोलू लागले. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. एका देवीच्या यात्रेला त्यांची जादा गाडी लागली होती. संध्याकाळची शेवटची फेरी. गाडी भरली, त्यांनी दार ओढलं, लोक धावत आले आणि गाडीला भिडले. यात्रेचे भोंगे कानठळ्या बसतील असे वाजत होते. नानांनी घंटा दिली. गाडी सुटली. "एक बाई होती गाडीच्या आणि लोकांच्या मध्ये," ते म्हणाले. "ती ओरडत असणार. भोंग्यात मला काही ऐकू आलं नाही."

"मग?"

"मग काय. चौकशी झाली. माझी चूक नाही असं निघालं."

"आईला माहीत आहे?"

"नही."

त्यांनी चहा संपवला आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. त्या विषयावर ते माझ्याशी त्यानंतर कधी बोलले नाहीत.

चार दिवसांनी ती क्लिप आली. कुणीतरी तंबूच्या बाजूने मोबाइलवर काढलेली, अर्ध्या मिनिटाची. त्यात पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा आवाजाच्या मशिनपाशी हातवारे करतोय, तो तरुण माणूस त्याला ढकलतोय, म्हातारा पुन्हा येतोय, मशिनवर अंगच टाकतोय, आणि आवाज बंद. पुढचं काहीच त्यात नव्हतं. वर लिहिलं होतं, काकांना रॉक सहन झालं नाही. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझ्या वर्गातल्या तीन जणांनी ती मला पाठवली, त्यात माझे वडील आहेत हे न कळता.

मग आयोजकांपैकी कुणीतरी सांगून टाकलं की एका प्रेक्षकाने साउंड बंद पाडल्यामुळे लोक बिथरले आणि चेंगराचेंगरी झाली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. किरकोळ गोंधळ, काही विद्यार्थी जखमी, प्रकृती स्थिर. कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला पुढे विचारायची गरज वाटली नाही. डेपोत नानांना पोरं विचारायची, काय नाना, डीजे बंद करायला येता का आमच्याकडे.

मी भांडायला उठले होते. सगळं लिहून टाकते म्हणाले. नानांनी माझ्या फोनवर ती क्लिप एकदाच पाहिली, शेवटपर्यंत, आणि फोन परत दिला. "खोटं काय शे त्यामा? आवाज मीच बंद कया."

"पण का केला ते नाही त्यात."

"ते ज्यासले माहीत जोयजे, त्यासले माहीत शे."

मैत्रीण बारा दिवसांनी घरी गेली. तिला ते गाणं थांबलेलं आठवत नाही. तिला फक्त खालून दिसणारे बूट आठवतात आणि त्यांच्यामधून येणारा निळा उजेड. ती आता पुण्याला नोकरी करते, रॉक अजून ऐकते, पण हेडफोनमधूनच. मी नंतर एकदा नाशिकला एका कार्यक्रमाला गेले. पहिल्या ठोक्याला माझे हात आपोआप छातीसमोर आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. गाणी चांगली होती असं सगळे म्हणाले.

पुढच्या वर्षी जानेवारीत त्याच आवाराचं पोस्टर पुन्हा आलं. बँड दुसरा, फाटक तेच. नानांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला. शुद्धलेखन मी तपासलं. मागचं दार उघडं ठेवावं, फाटकाची दोन्ही दारं उघडावीत, पत्र्यांची गल्ली करू नये. सुट्टी काढून ते जळगावला गेले, अर्ज दिला आणि पोच घेऊन आले. उत्तर आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ते दुपारीच घरातून निघाले. आईला वाटलं, ड्युटी आहे. मलाही वाटलं. पाच वाजता मैत्रिणीच्या हॉस्टेलमधल्या एका मुलीने मला फोटो पाठवला. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, मागच्या दारापाशी, नाना एका दगडावर बसलेले. दाराला नवी साखळी होती.

मी लगेच फोन लावला. मागून ड्रमचे ठोके ऐकू येत होते.

"नाना, तिथे काय करताय?"

"बसेल शे."

"किल्ली मिळाली?"

"मॅनेजर येई ऱ्हायना म्हणे." येतोय म्हणे, मागच्या वर्षीसारखाच.

मी म्हटलं, घरी या. ते म्हणाले, संपलं की येतो. पुढचे तीन तास मी फोन हातात घेऊन गच्चीवर बसून राहिले. शेवटी त्यांचाच फोन आला, बस मिळाली म्हणून. काही झालं नव्हतं. लोक आपापल्या घरी गेले होते.

"गर्दी कशी होती?" मी विचारलं.

"मागच्या सालपेक्षा जास्त," ते म्हणाले.